स्पोर्ट्स कारचं मॅन्युअल गिअरबॉक्स ऑइल घरी बदलायचंय? आधी फिल प्लग खोला, मग बाकीचं

काम ऐकायला फारच सोपं आहे, खालचा प्लग खोलायचा, जुनं ऑइल काढायचं, प्लग लावायचा, वरच्या भोकातून नवीन भरायचं, झालं. आणि खरंच एवढंच आहे, इंजिन ऑइल बदलता येत असेल तर हेपण येईल. फक्त इंजिन ऑइलमध्ये थोडं इकडंतिकडं झालं तरी निभावतं, गिअरबॉक्समध्ये दोन गोष्टी चुकल्या की महागात पडतं. एक म्हणजे चुकीचं ऑइल आणि दुसरं म्हणजे खालचं सगळं ऑइल काढून टाकल्यावर कळणं की वरचा फिल प्लग उघडतच नाहीये. म्हणून मी या दोन गोष्टींवर जास्त लिहिणारे, बाकी पान्याने नट-बोल्ट फिरवणं तुम्हाला येतंच.

आधी हे बघा की बदलायचं तरी का. बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये लिहितात की गिअरबॉक्सचं ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी आहे, बदलायची गरज नाही. माझं याबाबतीत स्पष्ट मत आहे, हे वाक्य वॉरंटीच्या काळापुरतं खरं धरायचं. गिअरबॉक्समध्ये बहुतेक वेळा फिल्टर नसतो, म्हणजे गिअरचे दात आणि सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या रिंगा) झिजून जो काही धातूचा बारीक चुरा निघतो तो त्याच ऑइलमध्ये फिरत राहतो, मॅग्नेट असेल तर लोखंडी चुरा तिथं चिकटतो पण पितळेचा चुरा मॅग्नेटला कुठं चिकटतोय. शिवाय दातांमध्ये चिरडून चिरडून ऑइलचा दाटपणा कमी होतो, उष्णतेने ते जुनं होतं, आणि ब्रीदरमधून, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या छोट्या तोंडातून, थोडा ओलावापण आत जातो. रोजच्या शांत वापराला साधारण ५०-६० हजार किलोमीटरला बदललं तरी चालतं, गाडी जोरात पळवत असाल तर ३०-४० हजारला, आणि ट्रॅकवर नेत असाल तर वर्षातून एकदा बदला, किलोमीटर मोजत बसू नका. गाडी सेकंडहँड घेतली असेल आणि आधीच्या मालकाने काय केलं ते माहीत नसेल तर पहिलं काम हेच.

ऑइल कोणतं, इथं घाई नको

आता जीएल-४ आणि जीएल-५ चा विषय, ज्यावर लोक तासन् तास भांडतात. गिअर ऑइलचे हे एपीआयचे, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे वर्ग आहेत. जीएल-५ हे मुळात हायपॉइड गिअरसाठी आहे, म्हणजे मागच्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनचा जोर दोन्ही चाकांत वाटणारा गिअरचा संच) असतात तसे, जिथं दात एकमेकांवर दाबाखाली जोरात घासतात, म्हणून त्यात सल्फर-फॉस्फरसचे ॲडिटिव्ह जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. बघणाऱ्याला वाटतं आकडा मोठा म्हणजे ऑइल भारी, तर तसं नाहीये. गिअरबॉक्समधल्या सिंक्रो रिंग अनेकदा पितळेच्या असतात आणि त्यांचं कामच घर्षणावर चालतं. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ती रिंग समोरच्या कोनला घट्ट धरते, दोघांचा वेग एक करते आणि मग गिअर आत जातो. ऑइल नको तेवढं निसरडं असेल तर रिंगला पकडच मिळत नाही आणि गिअर टाकताना कर्रर्र आवाज येतो. वर त्या सल्फरवाल्या ॲडिटिव्हचा गरम ऑइलमध्ये पितळेवर परिणाम होऊ शकतो, आजच्या नव्या ऑइलमध्ये ही भीती कमी झालीये पण निसरडेपणाचा मुद्दा आहे तिथंच आहे. म्हणजे जिथं जीएल-४ सांगितलंय तिथं जीएल-५ घालून आपण काहीतरी अपग्रेड केलं असं समजू नका.

पण याच्या उलट नियमपण पाठ करू नका की मॅन्युअल गिअरबॉक्स म्हणजे जीएल-४ च. सुबारू घ्या, डब्ल्यूआरएक्स किंवा एसटीआय, तिथं गिअरबॉक्स आणि पुढचं डिफरन्शियल एकाच ऑइलमध्ये बुडालेलं असतं, हायपॉइड गिअर त्याच खोक्यात आहे, म्हणून तिथं जीएल-५ च सांगितलेलं आहे. पोर्शे ९११ मध्येपण गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकत्र. मग तुम्ही म्हणाल पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हॉट हॅचमध्येपण (छोट्या पण जोरदार हॅचबॅक) डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं की, तर हो, पण इंजिन आडवं असल्यामुळे तिथं फायनल ड्राइव्हचे, म्हणजे डिफरन्शियलला फिरवणारे शेवटचे गिअर साधे तिरप्या दातांचे असतात, हायपॉइड नसतात, त्यामुळे तिथं जीएल-५ ची गरज पडत नाही. होंडा एस२००० ला होंडाचं स्वतःचं एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल लागतं जे नेहमीच्या ७५डब्ल्यू-९० पेक्षा बरंच पातळ आहे. आणि कॉर्वेट सी५ आणि सुरुवातीच्या सी६ मधला ट्रेमेक टी५६ गिअरबॉक्स तर चक्क ऑटोमॅटिकचं ऑइल, म्हणजे एटीएफ पितो, त्यात कोणी जाड गिअर ऑइल ओतलं तर थंडीत गिअर टाकायला दोन हात लागतील.

तर सांगायचा मुद्दा असा की दुसऱ्याच्या गाडीत काय चाललं ते विचारू नका, आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये तीन गोष्टी शोधा. जीएल कोणतं, ग्रेड कोणती म्हणजे ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-८५ की ७५डब्ल्यू-९०, आणि किती लिटर. त्याच मॉडेलमध्ये पाच स्पीड आणि सहा स्पीड असे दोन गिअरबॉक्स येत असतील तर दोन्हीचं माप वेगळं असू शकतं हे पण बघा. अंदाज यावा म्हणून सांगतो, जुन्या पाच स्पीड माझदा एमएक्स-५ ला साधारण २ लिटर, एस२००० ला दीड लिटरच्या आसपास, निसान ३५०झेडला २.९ लिटर, डब्ल्यूआरएक्स पाच स्पीडला ३.५ आणि एसटीआय सहा स्पीडला ४.१ लिटर. घेताना मापापेक्षा अर्धा-एक लिटर जास्तच घ्या कारण भरताना थोडं सांडतंच, आणि शेवटच्या २०० मिलीसाठी गाडी घोड्यांवर (म्हणजे जॅक स्टँडवर) ठेवून दुकानात जायची पाळी नको.

आकड्यांवरून अजून एक गोंधळ होतो. ७५डब्ल्यू-९० बघून लोकांना वाटतं बापरे किती जाड, इंजिनला तर १०डब्ल्यू-४० असतं. पण गिअर ऑइलची मोजपट्टी वेगळी आणि इंजिन ऑइलची वेगळी, ७५डब्ल्यू-९० गिअर ऑइल हे साधारण १०डब्ल्यू-४० इंजिन ऑइलएवढंच दाट असतं. आणि बाटलीवर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही छापलेलं असेल तर मी तरी जरा सावध राहतो, ते ऑइल सिंक्रोसाठी ठीक आहे असं बनवणाऱ्याने स्पष्ट लिहिलंय का ते बघायचं, नसेल लिहिलं तर ती बाटली तिथंच ठेवायची.

सामान

जॅक, चार जॅक स्टँड, चाकांना लावायला अडणी, रॅचेट आणि प्लगच्या मापाचं सॉकेट, टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळायचा पाना), ऑइल पकडायला पसरट ट्रे, नवीन वॉशर, हातपंप किंवा नरसाळं आणि लांब नळी, नायट्राइल हातमोजे, चष्मा, ब्रेक क्लीनर, भरपूर फडकी. फडकी खरंच भरपूर घ्या.

प्लगचं माप आधीच खाली वाकून बघून ठेवा, कारण हे प्लग दरवेळी साध्या षटकोनी डोक्याचे नसतात, कुठं आत ॲलन कीचा खड्डा असतो तोही मोठ्या मापाचा, कुठं चौकोनी खड्डा असतो, सुबारूमध्ये तर ड्रेन प्लगला टी७० टॉर्क्स बिट लागतो जो साध्या टूलकिटमध्ये मिळत नाही. बाहेरून षटकोनी असेल तर सहा कोनांचं सॉकेट वापरा, बारा कोनांचं नको, घट्ट प्लगवर बारा कोनांचं सॉकेट घसरतं आणि डोकं गोल करून टाकतं.

वॉशरचं काय, तर ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा वॉशर असतो जो दाबला जाऊन सील करतो, एकदा दाबला की त्याचं काम संपलं. लोक उलटा करून परत लावतात, काही वेळा चालून जातं आणि काही वेळा महिनाभर थेंब थेंब गळत राहतं, एवढ्या छोट्या वस्तूसाठी कशाला तो खेळ. मात्र काही गिअरबॉक्सना वॉशर नसतोच, तिथं निमुळत्या आट्यांचा प्लग असतो आणि आट्यांना सीलंट लावायचं असतं, अशा प्लगला बळंच वॉशर लावू नका आणि तो शेवटपर्यंत आवळत बसू नका, निमुळता असल्यामुळे तो पाचरीसारखा आत घुसतो आणि ॲल्युमिनियमचं केसिंग तडकू शकतं.

टॉर्क रेंचबद्दल पण एक सांगतो. चाकांचे नट आवळायचा जो मोठा रेंच असतो तो या कामाला बरोबर नाही, कारण क्लिकवाला रेंच त्याच्या रेंजच्या अगदी तळाला नीट मोजत नाही, आणि गिअरबॉक्सचे प्लग बहुतेक २५ ते ५० न्यूटन मीटरच्या आसपास असतात. छोटा रेंच मिळाला तर तोच घ्या.

गाडी गरम करा, मग सपाट उचला

ऑइल गरम असताना पातळ होतं, पटकन निघतं आणि तळाशी बसलेला चुराही सोबत घेऊन येतं. पण घरापुढं उभी करून इंजिन चालू ठेवल्याने गिअरबॉक्स नीट गरम होत नाही हे लक्षात ठेवा, त्याला प्रत्यक्ष चालवावं लागतं, १५-२० मिनिटं सगळे गिअर वापरत फिरून या. आल्या आल्या लगेच खाली घुसू नका, गिअरबॉक्सच्या शेजारूनच एक्झॉस्ट जातो आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर इतका तापलेला असतो की नुसता हात लागला तरी कातडी निघेल. गाडी उचलायला तसाही अर्धा तास जातोच, तेवढ्यात एक्झॉस्ट निवतो आणि आतलं ऑइल अजून कोमट असतं, हिशोब आपोआप जुळतो.

स्पोर्ट्स कार म्हणजे खाली बसलेली, बऱ्याचदा जॅकच आत जात नाही. मग चाकांखाली आधी जाड फळ्या घालून गाडी त्यावर चढवायची, तेवढ्या एक-दोन इंचात काम होतं. जॅक कुठं लावायचा ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्याच जागी लावा, गिअरबॉक्सच्या केसिंगखाली किंवा इंजिनच्या ऑइल पॅनखाली अजिबात नाही. मागच्या चाकांना अडणी, हँडब्रेक ओढलेला, मग पुढची बाजू उचलून स्टँडवर, मग मागची. जमीन पक्की आणि सपाट पाहिजे, डांबरावर काम करत असाल तर स्टँडखाली प्लायचे तुकडे टाका कारण उन्हात डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय आत रुततात. चारही स्टँडवर वजन आलं की गाडीला हाताने चांगला धक्का देऊन बघा, हलली किंवा कुरकुरली तर परत उतरवून परत लावा. नुसत्या हायड्रॉलिक जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी नाही, यावर माझ्याशी वाद घालू नका.

चारही कोपरे का उचलायचे, नुसतं पुढून उचललं तर नाही का चालणार? जुनं ऑइल निघेल, पण भरताना पातळी चुकेल. गाडी पुढून वर असेल तर ऑइल मागच्या बाजूला जमतं आणि फिल प्लगचं भोक कुठं आहे त्यानुसार ते एकतर लवकर वाहायला लागतं किंवा उशिरा, म्हणजे कमी तरी भरलं जाणार नाहीतर जास्त तरी. दाराखालच्या पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, मोबाइलमधलं लेव्हलचं ॲपपण चालेल. खड्डा किंवा लिफ्ट मिळत असेल तर सोन्याहून पिवळं.

खाली प्लास्टिकची अंडरट्रे असेल तर ती काढावी लागेल, तिचे क्लिप आणि स्क्रू एका डबीत ठेवा, कुठला कुठं लागतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

फिल प्लग आधी, परत सांगतो

दोन प्लग शोधा. ड्रेन तळाशी असतो, फिल प्लग केसिंगच्या बाजूला साधारण मध्यावर. नीट ओळखा, कारण शेजारीच रिव्हर्स लाइटचा स्विच, सेन्सर किंवा आतल्या स्प्रिंग-बॉलचे बोल्टपण असतात आणि त्यातला एखादा खोलला तर आतून स्प्रिंग बाहेर येईल आणि संध्याकाळ त्यातच जाईल. इंजिन मागे किंवा मध्ये असलेल्या गाडीत गिअरबॉक्स मागच्या बाजूला शोधा, आणि सी५, सी६ कॉर्वेटमध्ये इंजिन पुढं असलं तरी गिअरबॉक्स मागे डिफरन्शियलला जोडलेला आहे.

फिल प्लगच्या भोवतीचा किटण आधी ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करा, नाहीतर खोलताना तीच माती आत पडते. मग तो खोला. हो, ड्रेनला हात लावायच्या आधी. वर्षानुवर्षं न उघडलेला प्लग गंजून बसलेला असू शकतो आणि तो नाही निघाला तर आत्ता काही बिघडलेलं नाही, जुनं ऑइल आतच आहे, गाडी खाली घ्या आणि चालवत गॅरेजला जा. तेच खालून सगळं ऑइल काढल्यावर कळलं तर कोरडा गिअरबॉक्स घेऊन गाडी घोड्यांवर अडकली, आता टो करण्याशिवाय पर्याय नाही.

घट्ट असेल तर पेनिट्रेटिंग ऑइल मारून थांबा, प्लगच्या डोक्यावर हातोडीने सरळ दोन-चार हलके टोले द्या, सॉकेट पूर्ण खोल बसलंय ना बघा आणि मग लांब दांड्याने सावकाश पण सलग जोर लावा. पान्याला पाईप लावून खेचणार असाल तर गाडी स्टँडवर आहे हे विसरू नका, झटका आडवा बसतो.

फिल प्लग हाताने सैल फिरतोय एवढं झालं की मग खालचा ड्रेन. ट्रे बरोबर खाली न ठेवता थोडी धारेच्या दिशेने पुढं सरकवा, कारण सुरुवातीला ऑइल जोरात कमान करून बाहेर येतं आणि जोर कमी झाला की धार सरळ खाली पडते, तेव्हा ट्रे मागे घ्यायची. शेवटचे आटे हाताने फिरवताना प्लग आत दाबून धरा आणि सगळे आटे सुटलेत असं वाटलं की एकदम बाजूला काढा. वास येईल, सडलेल्या अंड्यासारखा, तो सल्फरचा, कपड्यांना लागला तर धुतल्यावरही जात नाही म्हणून जुने कपडे घाला. धार सुरू झाली की फिल प्लग पूर्ण काढा, वरून हवा गेली की खालून सलग वाहतं.

मग १५-२० मिनिटं तसंच गळू द्या. धारेचे थेंब झाले की लोक लगेच प्लग लावतात, पण तेवढ्यात अजून बरंच निघतं. या वेळात करायचं काम म्हणजे ड्रेन प्लगचं मॅग्नेट बघणं, आणि मला विचाराल तर या सगळ्या उद्योगातली सगळ्यात कामाची पाच मिनिटं हीच. मॅग्नेटवर राखाडी, लोण्यासारखा मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज, पुसून टाका. तो लगदा दोन बोटांत चोळून बघा (हातमोजे घालूनच), खरखरीत कण लागले तर जरा काळजी, आणि दिसतील असे तुकडे, दाताचा टवका किंवा बारीक सुईसारखी काडी मिळाली तर काहीतरी तुटलंय, नवीन ऑइल भरून ते जुळून येणार नाहीये. ऑइल काळपट असणं ठीक. ट्रेमध्ये उन्हात सोनेरी चमक दिसली तर ते सिंक्रोचं पितळ आहे, थोडी असेल तर वयानुसार चालतं, सोन्याचा तवंगच दिसला तर सिंक्रो संपत आलेत. दुधासारखं पांढरट असेल तर पाणी शिरलंय, मग ब्रीदर आणि सील बघा. मॅग्नेटचा फोटो काढून ठेवा, पुढच्या वेळी तुलनेला कामाला येतो.

निघालेलं ऑइल मापाच्या बाटलीत ओतून मोजा. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी निघालं तर एकतर आधी कोणी कमी भरलं होतं नाहीतर कुठूनतरी गळतंय. अशा वेळी मागच्या आउटपुट सीलवर आणि एक्सल जिथं आत जातो तिथं ओलं दिसतं का ते टॉर्च मारून बघा, आणि ब्रीदरचं तोंड मातीने बुजलं नाहीये ना तेही, कारण ते बुजलं की आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकललं जातं.

भरणं

ड्रेन प्लग आणि त्याची बसायची जागा पुसा, नवीन वॉशर, आधी हातानेच आटे बसवा, हाताने चार-पाच फेरे सहज गेले पाहिजेत. पहिल्यापासूनच पाना लावला आणि आटे तिरके बसले तर केसिंगचे आटे जातात, केसिंग ॲल्युमिनियमचं आहे आणि प्लग स्टीलचा, त्यामुळे हरणार कोण ते ठरलेलंच आहे. शेवटी टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि तिथं थांबा.

आता ऑइल वर कसं चढवायचं, कारण फिल प्लगचं भोक बाजूला आणि वर गाडीच्या तळातल्या बोगद्याची (जिथं गिअरबॉक्स बसतो) भिंत, बाटली उलटी करायला जागा नसते. हातपंप असेल तर तो बाटलीला लावा, नळी भोकात घाला आणि पंप करत रहा, हात दुखतील. पंप नसेल तर वरून इंजिनच्या बाजूने लांब पारदर्शक नळी खाली सोडा, वरच्या टोकाला नरसाळं, खालचं टोक भोकात, एकजण वरून सावकाश ओतणार आणि एकजण खालून बघणार. नळी एक्झॉस्टला टेकणार नाही आणि ओतता ओतता भोकातून निसटणार नाही असं बांधून घ्या. थंडीचे दिवस असतील तर बाटल्या आधी गरम पाण्याच्या बादलीत १५ मिनिटं ठेवा, बूच घट्ट लावून, गार गिअर ऑइल नळीतून काही केल्या उतरत नाही.

बहुतेक गिअरबॉक्समध्ये पातळीचा नियम एकच, फिल भोकाच्या खालच्या कडेला ऑइल आलं आणि बाहेर ओघळायला लागलं की भरलं. ओघळायला लागलं की थांबा, ५-१० मिनिटांनी परत थोडं घालून बघा कारण आतल्या कप्प्यांत ते हळूहळू पसरतं. किती घातलं ते बाटल्यांवरून मोजा आणि मॅन्युअलच्या मापाशी जुळवा, एका लिटरमध्येच बाहेर यायला लागलं आणि माप दोन लिटरचं असेल तर गाडी सपाट नाहीये किंवा तुम्ही भलतंच भोक उघडलंय. मात्र सगळीकडे हा ओघळण्याचा नियम लागू नाही, सुबारूच्या अनेक मॅन्युअल गाड्यांमध्ये डिपस्टिक असते, आणि काही गिअरबॉक्समध्ये मोजूनच ठरावीक ऑइल घालायचं असतं, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. जास्त भरलं तर फेस होतो आणि सीलमधून बाहेर येतं, कमी भरलं तर वरचे गिअर आणि बेअरिंग कोरडे पडतात, दोन्हीत कमी भरणं जास्त वाईट.

पुढं इंजिन आणि मागं ड्राइव्ह असलेली गाडी असेल तर मागचं डिफरन्शियल वेगळं असतं आणि त्यात बहुतेक जीएल-५ असतं. दोन्ही एकाच दिवशी बदलत असाल तर बाटल्यांवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि क्लच टाइप एलएसडीसाठीचं (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, एकच चाक फुकट फिरू न देणारं) जे ॲडिटिव्ह मिळतं ते फक्त डिफरन्शियलमध्ये, गिअरबॉक्समध्ये टाकलं तर सिंक्रोची उरलीसुरली पकडपण जाईल.

जुन्या एमएक्स-५ वाल्यांसाठी खास, गिअर लिव्हरच्या खाली एक छोटी वाटी असते, टरेट म्हणतात तिला, तिचं ऑइल वेगळं असतं, १०० मिलीच्या आतच लागतं, आणि गिअरबॉक्सचं ऑइल बदलून ते तिथंपर्यंत पोचत नाही. वरून कन्सोल काढून, रबरी बूट उचलून ते बदलायचं. लिव्हर कोरडी, खरखरीत वाटत असेल तर बऱ्याचदा दोष त्या वाटीतच असतो.

नंतर

फिल प्लग नवीन वॉशर लावून आवळा, त्याचा टॉर्क ड्रेनपेक्षा वेगळा असू शकतो, बघून घ्या. सगळा भाग ब्रेक क्लीनरने पुसून कोरडा करा, यासाठी की उद्या कुठं ओलं दिसलं तर ते नवीनच आहे हे कळेल. एक्झॉस्टवर सांडलेलं ऑइल तर पुसाच, नाहीतर चालवताना धूर येईल आणि उगाच घाबराल. गाडी उतरवा, सावकाश १०-१५ मिनिटं सगळे गिअर टाकत चालवा, रिव्हर्सपण, परत येऊन टॉर्चने दोन्ही प्लग बघा. रात्री खाली एक पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी कोरडा असेल तर झालं. अंडरट्रे असेल तर ती पुठ्ठा बघितल्यावरच परत लावा.

फरक काय जाणवेल? गार गाडीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना जो अडकल्यासारखा फील असतो तो बहुतेक कमी होतो, थोडा लगेच आणि थोडा काहीशे किलोमीटर चालल्यावर. ज्या गोष्टी ऑइलने बऱ्या होत नाहीत त्या पण सांगतो. एकाच गिअरला, समजा तिसऱ्याला, गाडी गरम असतानाही कर्रर्र होत असेल तर त्या गिअरचा सिंक्रो गेलाय. सगळ्याच गिअरला अडतंय आणि उभ्या गाडीत रिव्हर्स टाकताना खडखड होते तर क्लच पूर्ण सुटत नाहीये, क्लचचं हायड्रॉलिक बघा, त्याचं फ्लुइड वेगळं असतं, ब्रेकचंच डॉट फ्लुइड. लिव्हर ढिली, लोंबती वाटते तर लिव्हर आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या लिंकेजचे बुश झिजलेत.

जुनं ऑइल नवीनच्या रिकाम्या बाटल्यांत भरा, बूच घट्ट लावा, त्यात ब्रेक फ्लुइड किंवा क्लीनर मिसळू नका कारण मिसळलेलं ऑइल रिसायकलवाले घेत नाहीत, आणि वापरलेलं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला किंवा केंद्राला देऊन टाका, गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. आणि वहीत लिहून ठेवा, तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल, किती लिटर गेलं, प्लगचं माप, वॉशरचं माप, दोन्ही टॉर्क, म्हणजे पुढच्या वेळी गाडी उचलायच्या आधीच सगळं सामान हाताशी असेल.